सोमवारी सकाळी फ्लशच्या पाण्याला वास: क्लोरिन वाढवूनही तो परत का येतो?

तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते: "आज पुन्हा वास येतोय." त्यातला 'पुन्हा' महत्त्वाचा. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सगळं ठीक असतं. सोमवारी सकाळी लोक कामावर येतात, पहिले पंधरा-वीस फ्लश होतात आणि स्वच्छतागृहात सडक्या अंड्यांसारखा वास पसरतो. एसटीपीचा, म्हणजे इमारतीच्या सांडपाणी शुद्धीकरण प्लांटचा, ऑपरेटर हायपोचा (क्लोरिनच्या द्रावणाचा) डोस वाढवतो. दुपारपर्यंत वास ओसरतो, मंगळवारी सगळे विसरतात आणि पुढच्या सोमवारी तो परत हजर.

हायपोमुळे वास गेला असं सगळ्यांना वाटतं. पण सोमवारी दुपारपर्यंत दोन दिवसांचं शिळं पाणी फ्लश होऊन गेलेलं असतं आणि मागून ताजं आलेलं असतं. हायपोला हात न लावताही वास तेवढाच कमी झाला असता. हे समजायला मला एका कार्यालयीन इमारतीत तीन खेपा घालाव्या लागल्या. पहिल्या दोन्ही खेपांना मी स्वतःच "डोस थोडा वाढवा" असं सांगून परतलो होतो.

खाली लिहिलंय ते प्रक्रिया केलेलं सांडपाणी फ्लशसाठी परत वापरणाऱ्या इमारतींबद्दल. पाणी बागेला किंवा कूलिंग टॉवरला जात असेल तरी निदानाची पद्धत हीच.

आधी वास पाण्याचाच आहे ना, ते बघा

काचेची स्वच्छ बाटली घ्या. फ्लश टँकचं झाकण काढून थेट टँकमधून ती अर्धी भरा. कमोडमधलं पाणी घेऊ नका. बूच लावा, मोकळ्या हवेत जा, बाटली जोरात हलवा आणि मग बूच काढून हुंगा. स्वच्छतागृहात उभं राहून हुंगण्यात अर्थ नाही, तिथे नाक आधीच बधिर झालेलं असतं.

बाटलीला वास नसेल तर प्लांटला दोष देण्याआधी फ्लोअर ट्रॅप (जमिनीतल्या जाळीखालचा, पाणी धरून ठेवणारा वाक) तपासा. जिथे वापर कमी तिथे ट्रॅपमधलं पाणी आटतं आणि ड्रेनेज लाइनमधली हवा सरळ खोलीत येते. प्रत्येक ट्रॅपमध्ये थोडं पाणी ओता आणि एक दिवस थांबा. एवढ्याने प्रश्न मिटला तर पुढचं वाचायची गरज नाही.

बाटलीला वास असेल तर तो कसला हे ठरवा. सडक्या अंड्यांचा असेल तर तो हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे पाणी कुठेतरी ऑक्सिजनशिवाय पडून राहिलंय. डोळ्यांना झोंबणारा, पोहण्याच्या तलावासारखा असेल तर क्लोरिन अमोनियाशी जुळून बसलाय. याचा अर्थ क्लोरिन जास्त झाला असा लोक लावतात, तो सहसा चुकीचा असतो. मुतारीसारखा वास असेल तर प्रक्रियाच अर्धवट होतेय, सांडपाण्यात हवा सोडतात त्या एअरेशन टँककडे थेट जा. ओल्या मातीसारखा असेल तर टाकीत उजेड पोहोचून शेवाळ धरलंय का ते बघा. हा वास नकोसा असतो, पण या चौघांत सगळ्यात गरीब.

पाण्याचा माग उलटा काढा

सोमवारी सकाळी, पंप चालू व्हायच्या आत, सहा बाटल्या भरायच्या: एअरेशन टँकमधून, सेटलिंग टँकच्या आउटलेटवर, सँड फिल्टरनंतर, कार्बन फिल्टरनंतर, ओव्हरहेड टाकीतून आणि प्लांटपासून सगळ्यात लांबच्या फ्लश टँकमधून. फिल्टरमधलं पाणी घेताना सॅम्पल कॉक उघडल्यावर येणारं पहिलंच पाणी घ्या, तेच रात्रभर आत मुरलेलं असतं. बाटल्यांवर चिठ्ठ्या लावा आणि ओळीने हुंगा. ज्या बाटलीपासून वास सुरू होतो, त्याच्या जरा मागे कारण असतं.

हे इतकं साधं आहे की कोणी करत नाही. सगळे पहिली आणि शेवटची बाटली प्रयोगशाळेत पाठवतात, 'बीओडी १०च्या आत', म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण कमी, असा रिपोर्ट येतो, फाइलला लागतो आणि वास तसाच राहतो. रिपोर्ट खोटा नसतो. नमुना बुधवारी दुपारी घेतलेला असतो, इतकंच.

त्या इमारतीत पहिल्या तीन बाटल्या ठीक होत्या. चौथीतलं पाणी करडं आणि वासाचं निघालं. दोष कार्बन फिल्टरमध्ये होता.

सांडपाण्याच्या लाइनवरचा कार्बन फिल्टर म्हणजे जिवाणूंची चाळच. कोळशाच्या बारीक छिद्रांत सेंद्रिय पदार्थ साठतात, त्यांवर जिवाणू वाढतात. पाणी वाहतं आहे तोवर त्यांना ऑक्सिजन मिळतो. शुक्रवारी संध्याकाळी पंप बंद झाला की बंद टाकीतला ऑक्सिजन काही तासांत संपतो आणि मग सल्फेटवर जगणारे जिवाणू सल्फाइड तयार करू लागतात. सोमवारी पंप सुरू झाला की सगळ्यात आधी तेच पाणी ट्रीटेड टाकीत, म्हणजे प्रक्रिया केलेल्या पाण्याच्या टाकीत, पडतं.

त्यात भर म्हणजे तिथे हायपोचा डोस कार्बन फिल्टरच्या आधी दिला जात होता. कोळसा क्लोरिन खातो. पिण्याच्या पाण्याच्या फिल्टरमध्ये क्लोरिन काढायलाच तर तो वापरतात. म्हणजे आम्ही डोस वाढवत होतो आणि कोळसा तो इमानाने गिळत होता. ही चूक मी नंतर इतक्या ठिकाणी पाहिली की आता प्लांटमध्ये शिरल्यावर आधी डोसिंगची बारीक नळी कुठे जोडलीय तेच बघतो.

उपाय दोन. डोसिंगचा पॉइंट कार्बन फिल्टरच्या पुढे, ट्रीटेड टाकीच्या इनलेटवर न्या. आणि सुट्टीनंतर पंप चालू करताना आधी दोन्ही फिल्टरचं बॅकवॉश (उलट्या दिशेने पाणी सोडून धुणं), मग रिन्स (सरळ दिशेने खळखळून काढणं), आणि हे सगळं पाणी परत इक्वलायझेशन टँकमध्ये, म्हणजे प्लांटच्या सुरुवातीच्या टाकीत, सोडा. बाहेर येणारं पाणी नितळ आणि बिनवासाचं झालं की मगच ट्रीटेड टाकीचा व्हॉल्व्ह उघडा. रिन्स हमखास टाळलं जातं. बॅकवॉशने सुटलेली घाण कोळशाच्या थरात तशीच असते, रिन्स न करता लाइनवर घेतलं तर ती सरळ टाकीत जाते.

पाणी किती दिवसांचं आहे?

एवढं केल्यावर तिथला वास निम्म्याने गेला, पूर्ण गेला नाही. पाचवी आणि सहावी बाटली अजूनही शंकास्पद होती. मग आकडेमोड केली. प्लांटची नाही, टाक्यांची.

समजा ट्रीटेड टाकी ४० हजार लिटरची, ओव्हरहेड २० हजारांची. डिझाइन करताना फ्लशचा वापर रोज ४० हजार लिटर धरला होता. मग पाणी सरासरी दीड दिवस मुक्काम करतं, ते चालतं. पण इमारत अर्धीच भरली, वर प्रत्येक फ्लश कमी पाण्याचा बसवला आणि प्रत्यक्ष वापर १० हजारांवर आला, तर मुक्काम सहा दिवसांचा झाला. शनिवार-रविवार धरा, आठ. पावसाच्या दिवसांत बागेचा वापरही थांबतो. क्लोरिन इतके दिवस टिकत नाही. तो संपला की उरलेले जिवाणू पुन्हा वाढतात आणि टाकीच्या तळाशी साचलेल्या गाळात ऑक्सिजनही संपतो.

हरित इमारतीतली ही जरा अवघड गोष्ट आहे. पाणी वाचवायला कमी पाण्याचे फ्लश लावले आणि पाणी वाचवायलाच पुनर्वापर केला. पहिल्या उपायाने दुसऱ्याचं पाणी शिळं केलं. दोन्ही उपाय आपापल्या जागी योग्यच आहेत. टाक्या मात्र कमी पाण्याच्या फ्लशचा हिशेब धरून मोजल्या गेल्या नव्हत्या.

टाकी तोडून लहान करता येत नाही, पण पातळी खाली आणता येते. पाण्याची पातळी ठरवणारा फ्लोट स्विच खाली उतरवा, म्हणजे टाकी एक-दीड दिवसाच्या वापराइतकीच भरेल. टाकीला दोन कप्पे असतील तर एक रिकामा करून कोरडा ठेवा. आणीबाणीला साठा हवा म्हणून सुविधा व्यवस्थापक काचकूच करतात. त्यांना सांगा की आणीबाणीसाठी ताज्या पाण्याची जोडणी आहे. ती मात्र हवेतल्या मोकळ्या अंतरातून टाकीत पडणारी असावी, पाइपला पाइप जोडून कधीच नको. शुक्रवारी दुपारनंतर ट्रीटेड टाकी भरणं थांबवलं तर ओव्हरहेड टाकी बरीच उतरलेली राहते आणि सोमवारी ताजं पाणी लवकर पोहोचतं.

लांबच्या टोकाला वापरात नसलेली लाइन शिल्लक असेल, एखादं बंद केलेलं स्वच्छतागृह किंवा पुढेमागे लागेल म्हणून ठेवलेला पाइप, तर तो मुख्य लाइनपासून जितका जवळ कापता येईल तितका कापून टोपी लावा. तिथे साचलेलं पाणी चालू लाइनमध्ये झिरपत राहतं.

मुळातला गुन्हेगार: अमोनिया

टाकीतला क्लोरिन टिकत का नाही, याचं दुसरं आणि माझ्या मते जास्त मोठं कारण एअरेशन टँकमध्ये सापडतं.

कार्यालयाचं सांडपाणी घरातल्यासारखं नसतं. घरी आंघोळ, कपडे, भांडी यांचं भरपूर पाणी मैल्यात मिसळतं. कार्यालयात मुख्यतः फ्लश आणि मुताऱ्याच असतात, म्हणजे अमोनियाचं प्रमाण चढं. कमी पाण्याच्या फ्लशने आणि बिनपाण्याच्या मुताऱ्यांनी ते आणखी दाट होतं. तो अमोनिया एअरेशनमध्ये नायट्रेटमध्ये बदलला नाही तर ट्रीटेड पाण्यात तसाच उतरतो आणि हायपो घातलं की आधी क्लोरिनला अडवतो.

हिशेब असा: १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन संपवायला कागदावर ७.६ मिलिग्रॅम क्लोरिन लागतो, प्रत्यक्षात त्याहून जास्त. पाण्यात १५ मिलिग्रॅम प्रति लिटर अमोनिया-नायट्रोजन असेल तर ११४ मिलिग्रॅम क्लोरिन गेल्यावर पहिला मोकळा (अमोनियाशी न जुळलेला) क्लोरिन हाती लागेल. आपण घालतो पाच किंवा दहा. त्यातून मोकळा क्लोरिन शून्य राहतो आणि क्लोरामाइन तयार होतात, ज्यांची जंतू मारायची ताकद बरीच कमी.

यात आणखी एक फसगत आहे. बऱ्याच प्लांटवर क्लोरिन तपासायला ओटीओचं पिवळं होणारं किट असतं. त्यात मोकळा आणि जुळलेला दोन्ही क्लोरिन रंग देतात. ऑपरेटर पिवळा रंग बघून लॉगबुकात '१ पीपीएम, ठीक' लिहितो. डीपीडीचं किट घ्या. पहिल्या गोळीने गुलाबी रंग येतो तो मोकळ्या क्लोरिनचा, पुढच्या गोळीने वाढतो तो जुळलेला. त्या इमारतीत पहिल्या गोळीनंतर पाणी जवळजवळ बिनरंगी राहिलं आणि पुढच्या गोळीला गडद झालं. त्या क्षणी हायपोवरचा माझा विश्वास उडाला.

मग अमोनिया का उरतो? या क्रमाने बघा.

ऑक्सिजन: एअरेशन टँकमध्ये डीओ (विरघळलेला ऑक्सिजन) २ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आसपास हवा, आणि तो टाकीच्या सगळ्या कोपऱ्यांत. १ किलो अमोनिया-नायट्रोजनला साधारण साडेचार किलो ऑक्सिजन लागतो, बीओडीला लागतो तो वेगळा. एका भागात मोठे बुडबुडे आणि दुसरीकडे पाणी संथ असेल तर तळाशी हवा सोडणारा डिफ्युझर फाटलाय किंवा चोंदलाय.

स्लजचं (जिवाणूंच्या गाळाचं) वय: अमोनियावर काम करणारे जिवाणू फार सावकाश वाढतात. प्लांट 'स्वच्छ' दिसावा म्हणून रोज भरमसाट स्लज काढून टाकलं तर ते टाकीत टिकतच नाहीत. एक लिटरच्या नळकांड्यात एअरेशनचं पाणी अर्धा तास ठेवा. गाळ २०० ते ३०० मिलिलिटरवर बसला, रंग तपकिरी आणि वास मातीचा असेल तर स्लज बरं आहे. काळं आणि कुबट असेल तर हवा कमी पडतेय.

पीएच: पुनर्वापर करणाऱ्या इमारतीत सगळ्यात कमी तपासली जाणारी गोष्ट हीच. १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट होताना सुमारे ७ मिलिग्रॅम क्षारता (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) खर्च होते. लघवीतला युरिया फुटताना काही क्षारता देतो, पण लागते त्याच्या निम्मीच. बाकीची पाण्यातून यायला हवी. इथे फ्लशचं पाणी म्हणजे त्याच प्लांटमधून आधीच क्षारता गमावून आलेलं पाणी. प्रत्येक फेरीत ती आणखी घटते, पीएच ६च्या दिशेने घसरतो आणि नायट्रेट करणारे जिवाणू हात आखडतात. तेव्हा हवा पुरवणारा ब्लोअर कितीही चालवा, अमोनिया हलत नाही. एअरेशन टँकचा पीएच ६.८च्या खाली दिसला तर बेकिंग सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, थोडा थोडा सुरू करा. प्लांटमध्ये बिनहवेचा कप्पा असेल आणि एअरेशनचं पाणी तिकडे फिरवता येत असेल तर ते आधी करा. नायट्रेट मोडताना गेलेल्यापैकी निम्मी क्षारता परत मिळते.

उलट टोकही लक्षात असू द्या. ट्रीटेड पाण्याचा पीएच ८.५ असेल तर घातलेल्या क्लोरिनपैकी जेमतेम दहावा हिस्सा प्रभावी रूपात राहतो. ७.५ला तो निम्मा असतो.

वीज वाचवणारा टायमर

सोमवारचा संबंध इथे लागतो. त्या इमारतीत वीज वाचवायला ब्लोअर टायमरवर होता आणि टायमर शुक्रवारी रात्री ८ला बंद होऊन सोमवारी सकाळी ७ला सुरू व्हायचा. एकोणसाठ तास. तेवढ्या वेळात एअरेशन टँक आणि सेटलिंग टँक दोन्ही सडतात. सोमवारी सकाळी नायट्रेट करणारे जिवाणू अर्धमेले असतात, त्यात शनिवारच्या साफसफाईचं फिनाईल आणि ॲसिडही पोटात गेलेलं असतं. अशा टाकीवर सोमवारी नऊला पूर्ण लोड येतो.

सुट्टीत ब्लोअर पूर्ण वेळ चालवायची गरज नाही. दर दोन तासांनी वीस-तीस मिनिटं पुरतात. रिटर्न स्लजचा (बसलेला गाळ परत एअरेशनमध्ये नेणारा) पंपही त्याच वेळी चालू द्या, नाहीतर सेटलिंगच्या तळाचं स्लज सडून गोळे वर येतात. साफसफाईच्या लोकांना ॲसिडचं प्रमाण आणि वार ठरवून द्या. एकाच संध्याकाळी सगळे मजले धुऊ नका.

पाण्यात थोडं नायट्रेट उरलं तर घाबरू नका. ते शिल्लक असेपर्यंत सल्फेटवरच्या जिवाणूंचं फावत नाही.

लाइन धुताना

कारणं दुरुस्त झाल्यावरच टाक्या आणि पाइप धुवा, आधी धुतले तर महिन्याभरात पुन्हा चिकट होतात. ओव्हरहेड टाकी रिकामी करून घासायची, लाइनमध्ये ५० मिलिग्रॅम प्रति लिटर क्लोरिनचं पाणी काही तास भरून ठेवायचं आणि मग सोडायचं. पण ते फ्लश करून सोडलं तर सगळं परत एसटीपीत जातं आणि ज्या जिवाणूंसाठी आपण इतकं झटलो तेच मरतात. मजल्यामजल्याने, दोन-तीन दिवसांत विभागून, क्लोरिन निष्प्रभ करून सोडा.

टाकीत उतरणं हे ऑपरेटरचं काम समजू नका. सल्फाइड जास्त प्रमाणात असला की नाकाला त्याचा वास येणंच बंद होतं आणि तीच सगळ्यात धोक्याची वेळ. वायू मोजल्याशिवाय, हवा खेळवल्याशिवाय आणि बाहेर दोरी धरून माणूस उभा असल्याशिवाय कोणीही आत जायचं नाही. हायपो आणि ॲसिडची पिंपंही शेजारी ठेवू नका, एकत्र सांडली तर क्लोरिन वायू सुटतो.

आणि हात घातलाच आहे तर पिण्याच्या नळांवर विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस मीटर लावून बघा. एसटीपी क्षार काढत नाही, म्हणून ट्रीटेड पाण्याचा टीडीएस ताज्यापेक्षा स्पष्ट जास्त असतो. एखाद्या नळाचा आकडा इतरांपेक्षा चढा आला तर कुठेतरी दोन लाइन एकमेकींना मिळाल्यात. तो नळ लगेच बंद करा आणि ट्रीटेड लाइनमध्ये रंग टाकून खात्री करा. वासाचं नंतर बघू.

त्या इमारतीत डोसिंगचा पॉइंट हलवला, फ्लोट उतरवला, सोडा सुरू केला आणि टायमर बदलला. पाचव्या आठवड्यापासून सोमवार शांत गेले. चार महिन्यांनी फोन आला: वास परत आलाय, पण गुरुवारी. मी गेलो तेव्हा पीएच ठीक, फिल्टर ठीक. मंगळवारी वीज गेली होती आणि ऑपरेटरने टायमर नव्याने लावला होता. वेळ अगदी मिनिटावर बरोबर होती. वार मात्र चुकला होता: टायमरच्या हिशेबाने बुधवार हा रविवार होता.